गुत्त्यातली शाळा

“मान खाली. अजून खाली. आणि हात असे.”

बाना चिलेशे मुलांसमोर स्वतःच गुडघ्यांवर बसली होती. ओंजळीसारखे पोकळ केलेले तळवे तिने एकमेकांवर हलकेच आपटले. टाळीचा आवाज मऊ यायला हवा होता. तिकडे झांबियात वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात, गुडघे टेकून आणि नजर जमिनीवर ठेवून. मुलांनी तसेच केले. मागच्या रांगेतल्या एकाने जोरात टाळी वाजवली तेव्हा ती म्हणाली, “ते काय तुझ्या लग्नात नाचायला आलेत?” सगळी हसली आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली.

“साहेब बोलले की काय म्हणायचं?”

“एया मुकवाई,” मुले एका सुरात म्हणाली. म्हणजे, हो जी.

“शाबास. कळू दे उद्या त्या समितीच्या लोकांना, गुत्त्यातली मुलं कशी असतात ते.”

मी खडू हातात धरून दाराशी उभा होतो. तो सराव मला फार आवडला होता. आपल्याकडची मुले इतकी नम्र नसतात, असेही मनात आले होते.

शाळा खरोखरच गुत्त्यात भरत असे. झांबियाच्या उत्तरेला तांब्याच्या खाणींचा पट्टा आहे. तिथल्या एका शहराच्या कडेला कालोंगा नावाची झोपडवस्ती होती. नगरपालिकेने कधीकाळी तिथे मक्याची दारू विकायला एक बैठी इमारत बांधली होती. पुढे गुत्ता बंद पडला, दारे-खिडक्या लोकांनी काढून नेल्या, आंबूस वास तेवढा भिंतींत राहिला. त्या इमारतीत बाना चिलेशेने शाळा काढली. सरकारी शाळेत गणवेश आणि बूट लागत, आणि कालोंगातल्या मुलांकडे दोन्ही नव्हते. शिवाय ती सकाळी मोकळी नसत. वस्तीच्या मागे दगडाची खाण होती. तिथे बायका खडी फोडत आणि त्यांच्या शेजारी बसून मुलेही फोडत. जुन्या टायरच्या रबराचे कडे करून त्यात दगड धरायचा, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. तरी उडतच.

बाना चिलेशे म्हणजे चिलेशेची आई. तिकडे बाईला मूल झाले की तिला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. चिलेशे त्याच खाणीत दरड कोसळून गेला होता. त्यानंतर तिने शाळा काढली. आईचे नाव मात्र तसेच राहिले. दिवसभर कोणी ना कोणी तिला त्या नावाने हाक मारायचे आणि ती ओ द्यायची.

मी मिरजेहून कंत्राटावर तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवायला गेलो होतो. एकटा राहायचो, संध्याकाळी वाचत बसायचो. एका जुन्या मिशनऱ्याने लिहिलेल्या व्याकरणावरून त्यांची बेंबा भाषा शिकलो होतो. ती बोलू लागलो की बाजारातल्या बायका तोंडावर हात धरून हसत. मी त्यांच्या मेलेल्या आजोबांसारखा बोलतो म्हणे. शिवाय तिकडे भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, हे ठरलेले. खाणीजवळून गेलो की एखादी ओरडायची, “काय शेठ, आज दुकान बंद वाटतं?”

बाना चिलेशे आमच्या शाळेत फाटकी पाठ्यपुस्तके मागायला आली होती. मुख्याध्यापकांनी तिला वाटेला लावले. मी माझ्या कपाटातली काही पुस्तके घेऊन तिच्या मागे फाटकापर्यंत धावत गेलो. असे मी आयुष्यात फार वेळा केलेले नाही. तिने पुस्तके उघडली, मिटली आणि परत माझ्या हातात दिली.

“फार जाड आहेत ही,” ती म्हणाली. “तुम्हीच या.”

मग मी दुपारी जाऊ लागलो. ती आधी वाचन घ्यायची आणि मी आलो की वर्ग माझ्या हाती देऊन खाणीत जायची, आपला उरलेला ढीग पुरा करायला. माझा वर्ग तिने कधी पाहिला नाही.

सुरुवातीला मला वाटायचे, मुलांना सगळे येते. समजले का विचारले की सगळी म्हणत, एया मुकवाई. एके दिवशी माझ्याकडून फळ्यावर खरोखरच चूक झाली. वर्ग एकदम गप्प झाला. मुताले नावाची एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, डाव्या अंगठ्याचे नख हातोडीने काळे पडलेले. तिने आपल्या पाटीवर बरोबर उत्तर लिहिले होते आणि ती पाटी मांडीखाली लपवली होती. मी चुकलो हे सर्वांना दिसत होते, आणि ते मला सांगण्याइतके उद्धट त्यांच्यात कोणी नव्हते.

मग मी त्याचा खेळ केला. रोज मुद्दाम एक चूक करायची. पकडेल त्याने “अवे” म्हणायचे, म्हणजे नाही. मी चेहरा कडक करून विचारायचो, “बरोबर आहे ना?” बरेच दिवस कोणी तोंड उघडले नाही. माझीच मला लाज वाटायला लागली होती. मग मुतालेने पहिल्यांदा म्हटले, अगदी पुटपुटत. नंतर सगळी म्हणू लागली. मी चेहरा जितका कडक करीन तितकी ती ओरडून म्हणत. मला वाटते, मी त्यांच्यासाठी पुरता वडीलधारा नव्हतोच. नमस्कार कसा घ्यायचा हेदेखील मला धड येत नव्हते.

त्या वर्षी खाण चालवणाऱ्या कंपनीने गुत्त्याची इमारत मागितली. तिला यंत्रे ठेवायला जागा हवी होती आणि नगरपालिका द्यायला तयार होती. बाना चिलेशेने तक्रार केली, की ही कंपनी लहान मुलांकडून काम करून घेते, कायद्याने त्याला मनाई आहे, अशा कंपनीला सरकारी जागा देऊ नका. त्यासाठी ती झोपडीझोपडीत फिरली. काही आया तिच्यामागे उभ्या राहिल्या, काहींनी दार लावून घेतले. मुतालेची आई माझ्यादेखत तिला म्हणाली, “तुझं मूल मेलं, म्हणून तुला शाळा सुचते. आमची जिवंत आहेत. त्यांना जेवायला लागतं.” बाना चिलेशेने ते ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच शेजारी बसून तिने खडी फोडली. मुताले शाळेत येत राहिली.

कंपनीने उत्तर दिले, की आमच्याकडे एकही मूल कामाला नाही. मुले आयांबरोबर येतात आणि खेळतात. मग नगरपालिकेने समिती नेमली आणि ठरवले, की मुलांनाच विचारावे. मुलांनी कामाचे सांगितले तर गुत्ता शाळेकडे राहील. नाही सांगितले तर महिनाअखेर रिकामा करावा लागेल.

बाना चिलेशेला हे ऐकून आनंद झाला होता. मुले खोटे बोलत नाहीत, ती म्हणाली. तिने सर्वांत नम्र मुले निवडली. त्यात मुताले पहिली.

आमच्या मुख्याध्यापकांनी मला सुचवले होते, की परदेशी शिक्षकाने अशा ठिकाणी दिसू नये. मी गेलो आणि शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसलो. दिसूही नये आणि गैरहजरही असू नये, असा माझा विचार होता.

समितीचे अध्यक्ष होते बा कासोंडे; ‘बा’ म्हणजे आपले ‘राव’. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरे केस, उन्हातही अंगात स्वेटर. अर्धे शहर त्यांच्या हाताखालून गेले होते, बाना चिलेशेदेखील. त्यांना वाईट माणूस म्हणावे असे मला अनेकदा वाटले, पण त्याला पुरावा सापडत नाही. त्यांनी मुलांसाठी पाणी मागवले. कंपनीच्या माणसाला बाहेर बसायला सांगितले, मुले घाबरतील म्हणून. मग एकेका मुलाला जवळ बोलावले आणि त्यांच्याच भाषेत बोलायला लागले, नातवंडांशी बोलावे तसे.

बाना चिलेशेने मुलांना सांगून ठेवले होते, की सकाळी तुम्ही काय करता ते साहेब विचारतील, ते सांगा. पण वडीलधारी माणसे मुलांना असे विचारत नाहीत. काय ते स्वतःच सांगतात आणि शेवटी ‘हो ना’ म्हणतात.

पहिल्या दोघांचे झाले तेव्हाच मला कळायला हवे होते. मी त्यांचे गुडघे नीट टेकलेत का तेच बघत राहिलो. मग मुताले आली. गुडघे टेकून तिने मऊ टाळी वाजवली.

“किती छान मुलगी आहे,” बा कासोंडे म्हणाले. “तू आईबरोबर खाणीवर जातेस, हो ना बाळ?”

“एया मुकवाई.”

“आईला सोबत म्हणून. घरी एकटं कशाला राहायचं. हो ना?”

“एया मुकवाई.”

“तिथे इतरही मुलं असतात, तुम्ही सगळी मिळून दगडांशी खेळता.”

“एया मुकवाई.”

“तुला कुणी मारत नाही, जबरदस्ती करत नाही. कंटाळा आला की तू घरी जातेस.”

“एया मुकवाई.”

प्रत्येक उत्तराबरोबर ती ते काळे नख लपवून मऊ टाळी वाजवत होती. सगळे अगदी शिकवल्यासारखे.

बाना चिलेशे उठली. तीही आधी गुडघ्यांवर बसली, बसूनच बोलली. ती म्हणाली, की ही मुले थोरांना हो म्हणतात. तुम्ही काहीही सांगा, ती हो म्हणतील. तुम्हाला हे ठाऊक आहे. तुम्हीच आम्हाला शाळेत हे शिकवलेत.

“म्हणजे पोरगी माझ्याशी खोटं बोलली?”

“नाही मुकवाई. ती तुमचा मान राखते आहे.”

“मानही राखते आणि खरंही बोलते, असं नसतं का कधी?” ते हसले. समितीतले बाकीचेही हसले.

तेव्हा तिने मागे वळून पाहिले आणि खांबाआडच्या मला शोधून काढले.

“तिचे गणिताचे गुरुजी इथे आहेत,” ती म्हणाली. “त्यांना विचारू द्या. त्यांनी तिला एक चुकीचं गणित सांगावं. ती त्यालाही हो म्हणेल. मग तुमची खात्री होईल.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. बा कासोंडे म्हणाले, या गुरुजी, पुढे या. मला ते पुढे जाणे अजून आठवते. वाटेत मला एवढेच समजत होते, की हे थांबवले पाहिजे. बाना चिलेशेला बाजूला घेऊन एक वाक्य सांगायचे, की माझ्या वर्गात तसे नसते. पण समिती थांबली होती, आणि सगळ्यांसमोर तिच्या कानात काय सांगणार? गणितच काढत नाही म्हणावे, तर तिचीच बाजू खोटी पडेल. दुसरे काही विचारावे, तर तिने गणित म्हटले होते. मी फार हळू विचार करणारा माणूस आहे. तोवर पुढे पोचलोही होतो.

मुतालेने वर पाहिले. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्यासमोर प्रश्न विचारायला कोणी ओळखीचे आले होते.

“मुताले,” मी म्हणालो. “सात गुणिले आठ चोपन्न. बरोबर आहे ना?”

तिने हो म्हणावे म्हणून मी चेहरा जमेल तितका कडक केला. वर्गातही मी तसाच करत असे, ते मला बोलून झाल्यावर आठवले.

तिचा चेहरा उजळला. तिला वाटले, अखेर सुटले, आता आपला खेळ सुरू झाला. गुडघ्यांवरून ती अर्धी उठलीच.

“अवे!” ती म्हणाली. “छप्पन्न.”

समितीतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बा कासोंडेंनी चष्मा काढून पुसला. मला वाटते, त्यांना मनापासून आनंद झाला होता.

“इतकी वर्षं मी शाळा चालवली,” ते म्हणाले, “पण गुरुजींची चूक तोंडावर सांगणारं मूल मला घडवता आलं नाही. बाना चिलेशे, तुमची शाळा उत्तम आहे, हे मी लिहून ठेवतो. आणि आता तुम्हीच सांगा, जी मुलगी आपल्या गुरुजींना नाही म्हणते, ती मला का म्हणणार नाही?”

बाना चिलेशे माझ्याकडे पाहत होती. मी काहीतरी बोलायला लागलो, माझ्या पुस्तकी बेंबात, की मला ती थोर मानत नाही, मी बाहेरचा आहे. बा कासोंडेंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग सौम्यपणे म्हणाले, “बाहेरचे आहात, हे खरं आहे गुरुजी. आमच्या मुलांबद्दल आम्हाला थोडं कळू द्या.”

निकालात शाळेच्या दर्जाचे कौतुक होते. तक्रारीत तथ्य आढळले नाही. इमारत महिनाअखेर रिकामी करायची होती.

बाहेर पडताना मुताले माझ्या हाताशी येऊन चालू लागली. एवढ्या लोकांनी आपल्यासाठी टाळ्या का वाजवल्या, हे तिला कळले होते. नंतर सगळे गप्प का झाले, ते कळले नव्हते.

“छप्पन्नच ना?” तिने विचारले.

“छप्पन्नच,” मी म्हणालो.

मुले पुढे गेल्यावर बाना चिलेशेने मला विचारले, की वर्गात ही मुलगी तुम्हाला नाही म्हणते का. मी सांगितले, रोज म्हणते, सगळीच म्हणतात. मला वाटत होते, तिने रागवावे.

“आणि मी त्यांना हो म्हणायला शिकवत होते,” ती म्हणाली. “आपण दोघांनी मिळून चांगलं काम केलं, बा टीचर.”

गुत्ता रिकामा झाला. फळा नेण्यासारखा नव्हता, तो भिंतीवरच रंगवलेला होता. दुपारची शाळा गेली तशी मुले खाणीत पूर्ण दिवस बसू लागली. आता ‘खेळायला’ येतात म्हणून समितीचीच ग्वाही होती. माझे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही. कारण कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

निघण्यापूर्वी मी बाना चिलेशेला भेटायला खाणीत गेलो. ती मुलांच्या घोळक्यात बसून खडी फोडत होती. थोडे थांबल्यावर लक्षात आले, की तिथे वर्ग चालला आहे. ती हातोडीचा घाव घालताना एक शब्द म्हणायची आणि पुढच्या घावाला मुले तो म्हणत. दुरून नुसता दगडांचा आवाज येत होता. कंपनीने बायकांना बजावले होते, की इथे शाळाबिळा चालवलेली दिसली तर शिकवणारीची आणि शिकणाऱ्यांच्या आयांची खडी फोडायची जागा काढून घेऊ.

मला पाहून तिने हातोडी ठेवली.

“बघा तुमचा खेळ,” ती म्हणाली. “मला काही जमत नाही.” मग एका मुलाला पुढे बोलावले. “रात्री सूर्य उगवतो. हो ना?”

मुलगा गुडघ्यांवर बसला, जमिनीकडे पाहत गालात हसला आणि म्हणाला, “एया मुकवाई.” मुलांमध्ये खसखस पिकली. तिने मुतालेला विचारले, तिचेही तेच. बाना चिलेशे सगळ्यांची आई होती. तिला नाही म्हणायला कोणाची जीभ उचलेना. तिने प्रत्येकाला विचारून पाहिले. चिडून पाहिले, हसून पाहिले. मला म्हणाली, “तुम्ही कुणाचे कुणी नाही, म्हणून तुम्हाला जमलं.” तिने ते टोचून म्हटले नव्हते, आणि ते खरेही होते.

एवढ्यात वरच्या रस्त्यावर ट्रक थांबला. मुकादम सिकोटा उतरून खाली आला. जाडजूड, घाम पुसत चालणारा माणूस. बायकांनी माना खाली घातल्या. मुतालेच्या आईची हातोडी हवेतच थांबली. सिकोटाने आधी मला पाहिले, मग मुलांना. सगळी मुले अजून बाना चिलेशेभोवती गोल करून गुडघ्यांवर होती.

त्याने बायकांना काही विचारले नाही. तो मुतालेसमोर उकिडवा बसला आणि गोड आवाजात म्हणाला, “इथे शाळा भरते, हो ना बाळ?”

मुतालेने मान खाली घातली. मऊ टाळी वाजवली. तिची आई एकटक तिच्याकडे पाहत होती.

“अवे मुकवाई,” मुताले म्हणाली. “इथे शाळा नाही.”

“नाही?” त्याने दुसऱ्याला विचारले. “तुम्हाला इथे कुणी शिकवतं ना?”

“अवे मुकवाई.”

मग तिसरा, मग सगळी. न अडखळता, नजर जमिनीवर ठेवून. आम्हाला कोणी शिकवत नाही, आम्ही शाळेत जात नाही, आम्हाला वाचता येत नाही. सिकोटा गोंधळून उठला, त्याने माझ्याकडे एकदा रोखून बघितले आणि तो चढ चढून निघून गेला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला.

मुले बाना चिलेशेकडे पाहू लागली. आपण इतके दिवस न जमलेले करून दाखवले, हे त्यांना कळले होते, आणि ती शाबासकीची वाट पाहत होती. तिने कमरेला गुंडाळलेले कापड सारखे केले, हातोडी उचलली, रबराच्या कड्यात नवा दगड धरला.

“बरोबर म्हणालात,” ती म्हणाली. “आता रोज असंच म्हणायचं.”